दर तासाला एक खोटं

करोना सरला, सगळे वर्गात परतले, बाकांवरची धूळ झटकून झाली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी मला पुन्हा ऑनलाइन बसवलं.

झालं असं, की आमच्या तालुक्यातली बरीच मुलं कॉलेजात नाव घालतात आणि येत मात्र नाहीत. कुणी हिंजवडीच्या कंपनीत पाळीला जातं, कुणी भातलावणीला, कुणी जनावरांमागे. अशा मुलांसाठी भूगोलाचा एक कोर्स ऑनलाइन चालवायचं ठरलं. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा आवाज फार चांगला आहे." अठरा वर्षांत त्यांनी माझ्या आवाजाचं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं. मला तिथंच संशय यायला हवा होता.

आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय, ऑनलाइन अध्यापन परिणामकारक कसं करावं. शिकवणारे गृहस्थ पहिली बारा मिनिटं माइक बंद ठेवून बोलत होते. आम्ही तीस-चाळीस प्राध्यापक पडद्यावर माना डोलावत होतो. माइक सुरू झाल्यावर त्यांनी विचारलं, "इथपर्यंत काही शंका?" कुणालाही शंका नव्हती.

आमचं घर पौडजवळच्या रिहे गावात. मी मूळची पुण्याची, लग्न होऊन रिह्यात आले. घराभोवती भाताची खाचरं, मागे डोंगर, आणि मोबाइलला रेंज फक्त गोठ्याच्या भिंतीवर चढलं तर. भिंतीवर बसून भूगोल शिकवणं मला जमलं असतं, पण आमच्या म्हशीला ते पसंत नव्हतं. म्हणून आठवड्यातल्या चार दिवसांसाठी मी हिंजवडीजवळच्या जांबे गावात एक खोली घेतली. जांब्यात कंपनीवाल्या मुलांसाठी खोल्याच खोल्या झाल्यात आणि तिथं इंटरनेट नळाच्या पाण्यापेक्षा नियमित येतं.

माझी घरमालकीण साठीची. मी तिला मावशी म्हणायचे, ती मला बाई. तीन मजल्यांची तिची इमारत जिथं उभी आहे तिथं पूर्वी त्यांचंच खाचर होतं. खालच्या मजल्यावर ती आणि तिचा नवरा, मधल्यावर मी, वर कंपनीतली चार मुलं. मावशी दुपारभर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून काहीतरी निवडत असायची. माझं दार उकाड्यामुळे उघडं असायचं. तिला जाता-येता माझं शिकवणं ऐकू जातं हे बरेच दिवस माझ्या लक्षात आलं नाही.

तर वर्ग सुरू झाला. पटावर त्रेचाळीस मुलं. पडद्यावर त्रेचाळीस रंगीत गोल आणि प्रत्येक गोलात नावाचं पहिलं अक्षर. कॅमेरे बंद, माइक बंद. मी विचारायचे, "कळलं का?" खाली लेखी उत्तरांची रांग लागायची. येस मॅम, येस मॅम, येस मॅम. पहिले दोन आठवडे मला वाटलं, काय गुणी मुलं आहेत.

मग एके दिवशी वीज गेली. माझा संपर्क तुटला. मी मोबाइलवरून धडपड करत वीस मिनिटांनी परत आले. वर्ग तसाच होता. माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तासाची वेळ संपली आणि खाली ओळी उमटल्या. थँक यू मॅम. छान लेक्चर मॅम. एकानं तर लिहिलं होतं, आजचा भाग खूप सोपा करून सांगितलात.

मी पडदा मिटला आणि बसून राहिले. राग आला, पण खरं सांगते, रागापेक्षा जास्त मला गंमत सुचायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी विषय होता मोसमी वारे. मी गंभीर चेहऱ्यानं नकाशा दाखवला आणि सांगितलं, "अरबी समुद्रावरून आलेले वारे ताम्हिणी घाट चढतात, तिथून पौडपर्यंत येतात. पौडच्या एसटी स्टँडवर ते दहा मिनिटं थांबतात. तिथं त्यांचं बरंचसं पाणी उतरतं, म्हणून पुण्याला पाऊस कमी. कळलं का?"

येस मॅम. येस मॅम. मी मोजले, सतरा येस मॅम आले. अंगठे वेगळे.

तेवढ्यात एक माइक उघडला. आधी एक शेळी बें बें करून ओरडली, मग मुलीचा आवाज आला, "मॅडम, दहा मिंटं न्हाई. तितं एसटी बी दहा मिंटं थांबत न्हाई."

मी विचारलं, "तू कुठं आहेस आत्ता?"

"डोंगरावर. शेळ्या घिऊन. रेंज हितंच येती."

ही मुलगी रिह्याच्या वरच्या वाडीतली. घरी शेळ्या-मेंढ्या, जोडीला थोडी शेती, आणि लावणी-काढणीला दुसऱ्यांच्या रानात मजुरी. पावसाळ्यात तिचे काका मेंढरं घेऊन पूर्वेकडच्या कोरड्या रानात जात, ती आणि तिचे आई-बाप शेळ्या सांभाळत घरी राहत. कॉलेजात मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. कानात एक वायर अडकवून ती माझा प्रत्येक तास डोंगरावरून ऐकत होती, आणि त्रेचाळीसात ती एकटीच ऐकत होती.

मी बाकीच्यांना सांगितलं, "आता ऐका. वारे पौडला थांबत नाहीत. मी खोटं बोलले, आणि तुमच्यातल्या सतरा जणांना ते कळलं. आजपासून माझ्या प्रत्येक तासात एक खोटं असेल. एकच. जो ते आधी पकडेल, त्यानं पुढच्या तासाचं खोटं तयार करून मला गुपचूप पाठवायचं. ते मी सांगणार. तास संपायच्या आत कुणी पकडलं नाही तर मी स्वतः सांगेन."

मग एका गोलातून लेखी प्रश्न आला. मॅम, हे पण खोटं आहे का?

त्या दिवसापासून वर्गाचा रंग पालटला. पहिले काही दिवस मुलं कशालाही खोटं म्हणत. पृथ्वी गोल आहे म्हटलं तरी दोन हात वर. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की खोटं पकडायचं तर खरं काय ते माहीत पाहिजे. आणि स्वतः खोटं रचायचं तर त्याहून जास्त माहीत पाहिजे. कंपनीच्या गोदामात पाळीला असणारा एक मुलगा जेवणाच्या सुट्टीत नद्यांचे उगम पाठ करायला लागला, कारण त्याला एक नदी बेमालूम दुसऱ्या डोंगरात नेऊन सोडायची होती. कॅमेरे उघडायला लागले, कारण मुलांना माझा चेहरा बघायचा असे. मी खोटं बोलताना डावी भुवई उचलते असा शोध त्यांनी लावला. मग मी खरं बोलतानाही ती उचलायला लागले.

शेळ्यांमागची ती मुलगी पाच तासांत तीन वेळा जिंकली. बाकीच्यांनी तक्रार केली, तेव्हा मी नियम केला की एकदा जिंकलं की पुढचे दोन तास गप्प बसायचं. तिला ते जड जायचं. माइक उघडून ती नुसती खाकरायची, आणि बाकीच्यांना कळायचं की खोटं आत्ताच येऊन गेलं.

सगळं छान चाललं होतं, फक्त मी मावशीला विसरले होते.

त्या दिवशी गरम पाण्याचे झरे हा विषय होता. खोटं गोदामवाल्याचं होतं आणि चांगलं होतं. मी सांगितलं, "कोकणात जशा भेगांमधून गरम पाणी वर येतं, तशीच एक भेग घाटाखालून निघून थेट जांब्यापर्यंत आली आहे. इथं शंभर-दीडशे फुटांवर उकळतं पाणी आहे." मुलांनी ते दहा मिनिटांनी पकडलं. पण त्या दहा मिनिटांत मावशी टाकीची मोटर बंद करायला उठून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत गॅलरीत आले तर खाली अंगणात मावशीचा नवरा, त्याचे दोन भाऊ आणि बोअरवाला उभे. बोअरवाल्याच्या हातात नारळ होता, तो घेऊन तो अंगणभर फिरत होता. वरच्या मजल्यावरचा एक मुलगा जिन्यात भेटला आणि आदबीनं म्हणाला, "मॅडम, आंटी बोल रही थीं गरम पानी नीचे से ही आनेवाला है. तो हम गीज़र न लें ना?"

मावशी मला बघून पुढं आली. "बाई, तुमी शिकलेल्या. कुटं खणायचं तेवढं बोट दाखवा. ह्याच्या नारळावर माजा इस्वास न्हाई."

मी तोंडातला फेस कसाबसा आवरला आणि तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. की ते खोटं होतं. मुद्दाम होतं. मुलांनी ऐकावं म्हणून होतं.

"म्हंजी सरकार तुमाला खोटं बोलायला ठिवतं?"

"तासाला एकच, मावशी."

"आन खोटं हाय हे सांगता कवा?"

"शेवटी."

"मग शेवट हुईस्तवर मला मोटर बंद करायला जाऊ द्यायचं न्हाई," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळून एवढंच सांगितलं, "चुलीत घाला तो नारळ. बाईंचं पानी आटलं."

त्या दुपारपासून मावशी जिन्यावरून उठून माझ्या खोलीत आली. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं दाराशी खुर्ची टाकून बसायची, मांडीवर सूप. खोटं आलं असं तिला वाटलं की ती सूप थोपटायची. दहातून सहा वेळा तिचं बरोबर असायचं. तिनं मला एकदा सांगितलं, "तुमी खोटं लई ग्वाड बोलता. खरं बोलताना मातर घाईत असता." प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत माझ्या शिकवण्याबद्दल इतकं उपयोगी मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खरं सावकाश सांगायला लागले.

पण मावशीचा भाचा आमच्या कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. झऱ्याची गोष्ट प्राचार्यांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले, आणि पोचली तेव्हा ती एवढीच उरली होती की मॅडम मुलांना खोटं शिकवतात.

प्राचार्य न सांगता वर्गात आले. पडद्यावर 'ऑफिस' असं एक नवं नाव उगवलं. मी ओळखलं, मुलांनीही ओळखलं. तास भातशेतीचा होता आणि त्या दिवसाचं खोटं रिह्याच्या एका भातवाल्याच्या मुलानं दिलं होतं. मी ते टाळू शकले असते. पण मुलगा समोर कॅमेरा लावून बसला होता, त्यानं केसही विंचरले होते. मी सांगून टाकलं.

"भाताच्या खाचरात पाणी का साठवतात? एक म्हणजे तण कमी होतं. दुसरं, पाणी असलं की बेडूक येतात. बेडूक ओंबीवरून ओंबीवर उड्या मारतात आणि त्यांच्या पायांना लागून पराग इकडून तिकडे जातो. भाताचं परागीभवन मुख्यतः बेडूक करतात."

मावशीनं सूप इतक्या जोरात थोपटलं की तांदूळ सांडले. मुलांनी मात्र खोटं कळूनही ते पकडायचं नाही असं मनोमन ठरवलं असावं. त्रेचाळीस चेहरे प्राचार्यांच्या गोलाकडे बघत होते. तास संपायला पाच मिनिटं असताना प्राचार्यांनी कॅमेरा उघडला. ते वाणिज्य शाखेचे.

"मुलांनो, मी मुद्दाम आज बसलो होतो," ते म्हणाले. "काही लोक काही बोलतात, पण मला समाधान वाटलं. निसर्गाची किमया बघा. बेडूक. आपण त्याला तुच्छ मानतो. पण तो उडी मारतो म्हणून आपल्या ताटात भात येतो. हे लक्षात ठेवा आणि जीवनात नम्र राहा."

मला वाटलं, निभावलं. मग तो ओळखीचा माइक उघडला, आणि शेळी नव्हे, तीच बोलली. "सर, आजचं खोटं तेच हाय."

प्राचार्यांचा कॅमेरा बंद झाला. संध्याकाळी फोन आला. मी चार वाक्यं पाठ करून ठेवली होती, त्यातलं एकही लागलं नाही.

"मॅडम, मग भाताचं परागीभवन कोण करतं?"

"बरंचसं ज्याचं त्याचंच होतं, सर. थोडं वाऱ्यानं."

"हं." मग म्हणाले, "मुलं ऐकतात तुमचं. आमच्याकडे वर्गात समोर बसून ऐकत नाहीत. चालू राहू द्या. फक्त मी येणार असेन तेव्हा..."

"तुम्ही सांगून या, सर. मी खोटं आधी कळवते."

त्यानंतर मी जरा जास्तच खुशीत होते. खोटं बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही असं मला वाटायला लागलं होतं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात पशुपालनाचा धडा आला.

या धड्याचा माझ्याकडे एक नकाशा होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तो स्वतः बटर पेपरवर उतरवून काढला होता. मेंढपाळांच्या हंगामी स्थलांतराचे लाल बाण. गेली अठरा वर्षं मी तो दाखवत आले होते आणि त्यासोबत सांगत आले होते, "पावसाळ्यात कोकणात हिरवा चारा भरपूर, म्हणून मेंढपाळ पावसाआधी घाट उतरतात आणि दिवाळीनंतर पुन्हा देशावर येतात."

त्या दिवसाचं खोटं त्या मुलीनंच दिलं होतं. मेंढपाळ वाट लक्षात राहावी म्हणून दर मुक्कामाला एक बाभूळ लावतात. मी ते तासाच्या सुरुवातीलाच सांगून मोकळी झाले. कुणाला संशय आला नाही. मग मी नकाशा उघडला, बाण दाखवले, आणि नियमानं गप्प बसायला हवं होतं तरी ती बोलली.

"मॅडम, पावसाळ्यात मेंढरं कोकणात नेली तर खुरं सडत्यात त्यांची. जगायची न्हाईत. आमी दिवाळी झाली की खाली उतरतो, आन पाऊस यायच्या आत वर येतो. बाण उलटं हायेत."

मी नकाशाकडे पाहिलं. दर वर्षी दिवाळीनंतर पौडच्या रस्त्यावर ताम्हिणीच्या दिशेनं जाणाऱ्या मेंढरांमागे मी स्कूटर घेऊन अडकत आले आहे. हॉर्न वाजवला आहे. घड्याळ बघितलं आहे. ती कुठं चालली आहेत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण माझ्याकडे नकाशा होता.

आणि मग मी ते केलं. डावी भुवई उचलली आणि म्हणाले, "शाब्बास. सापडलं आजचं खोटं."

खाली टाळ्यांची चित्रं उमटली. मी तास संपवला. पाणी प्यायले. मोबाइल वाजला. तिचा मेसेज होता, फक्त मला. मॅडम आजचं खोटं तर बाभळीचं. ते मीच दिलेलं. मग बाणाचं कुणी दिलं?

पुढं काही नाही. हसणारं चित्र नाही, की काही नाही.

मावशी दाराशीच होती. "बाई, त्वांड का पडलं?"

मी तिला सांगितलं. तिला नकाशा कळत नव्हता, पण बाकीचं लगेच कळलं. "पोरीनं चारचौघांत न्हाई इचारलं," ती म्हणाली. "तुमी मातर चारचौघांतच सांगा."

त्या शनिवारी रिह्याला जाऊन मी माळ्यावरून जुन्या वह्यांची पेटी काढली. बटर पेपर सापडला. किनाऱ्याची रेघ एका कागदावर होती, बाण दुसऱ्यावर. बाणांचा कागद मी पालथा ठेवून गिरवला होता, एवढंच झालं होतं. समुद्राच्या रेघेशी तो छान जुळलाही होता. आणि मग त्या उलट्या बाणांना साजेसं कारण मी स्वतः तयार केलं होतं, हिरवा चारा वगैरे, आणि इतक्या वेळा सांगितलं होतं की ते पुस्तकात कुठंच नाही हे विसरून गेले होते. नवरा शिडी धरून उभा होता. मी त्याला विचारलं, "मेंढरं दिवाळीनंतर कुठं जातात?" तो म्हणाला, "कोकणात. का गं?" भात आणि म्हैस यापलीकडे कशात लक्ष नसलेल्या माणसालासुद्धा माहीत होतं.

पुढच्या तासाला मी पहिल्यांदाच खोटं न घेता बसले. दोन्ही कागद कॅमेऱ्यासमोर धरले आणि सांगितलं. बाण कसे उलटे झाले ते सांगितलं, आणि ते आजचं खोटं होतं हे मी खोटं सांगितलं तेही. बाभळीचंही सांगितलं. माझे कान तापले होते. मुलांची माझ्याकडे बघण्याची पद्धत बदलेल अशी मला भीती होती. मग रिह्याच्या भातवाल्याच्या मुलानं माइक उघडला. "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं?" आणि कुणीतरी हसलं, मग सगळे, आणि मीही.

संध्याकाळी मी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं की अमुक नकाशातले बाण उलटे होते, माफ करा. दोन उत्तरं माझ्या लक्षात राहिली आहेत. एक जण आता स्वतः शिक्षक आहे. त्यानं लिहिलं, मॅडम, आठ वर्षं मी तुमचेच बाण शिकवतोय, आता काय करू? दुसरा पोलिसात, पिरंगुटजवळ वाहतुकीच्या बंदोबस्ताला असतो. त्यानं लिहिलं, मॅडम, मेंढरांना दर वर्षी मीच रस्ता करून देतो. दिशा मला तेव्हाही माहीत होती. पण पेपर तुम्ही तपासणार होतात.

हे दुसरं उत्तर मी मावशीला वाचून दाखवलं नाही.

दिवाळी झाली आणि काका मेंढरं घेऊन परतल्यावर ते सगळं कुटुंब कोकणाच्या वाटेला लागलं. मुलीनं विचारलं, वाटेतून तासाला बसलं तर चालेल का. मी म्हटलं, बसू नकोस, तूच घे तास. तर एका दुपारी घाटाच्या माथ्यावरून तिनं तो घेतला. कॅमेरा हलत होता, पण सगळं दिसत होतं. पुढं चाललेल्या शेळ्या, मागं मेंढरांची दाटी, घोड्यावर बांधलेला संसार, आणि त्याच्याही वर कोंबड्यांची पाटी. कुठल्या रानात किती दिवस, खतासाठी कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची, परत कधी, हे तिनं न अडखळता सांगितलं. मध्येच तिचा बाप कॅमेऱ्यात डोकावला. त्याला माझी हकिकत कळली होती.

"मास्तरीणबाई," तो म्हणाला, "तुमी बाण कुटं बी काडा. मेंढरं जायाची तिकडंच जात्यात."

मावशीनं खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच कॅमेऱ्यात आली. "पावनं, जांब्यात मेंढरं बसवायचा का तुमी? आमच्या खाचरात बसायची कोनाची तरी. लई वर्सं झाली."

"माजा बाप बसवायचा. वड्याकडंच्या खाचरात."

"तेच. आता तितं खोल्या हायेत."

"मग भाडेकरू बसवा," तो म्हणाला. "लेंड्या मातर मिळायच्या न्हाईत."

मावशी इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. नंतर दोघं कुणाचं लग्न कुठं झालं याच्यावर गेली आणि मुलगी दोनदा म्हणाली, "आबा, तास चाललाय माजा." मी मध्ये पडले नाही. वहीत लिहून घेत होते. मुलंही थांबली होती. दहा-बारा मिनिटांनी वाट खाली वळली आणि चित्र थिजलं.

परीक्षेत मी स्थलांतराच्या मार्गाचा नकाशा विचारला. बाण सगळ्यांचे सरळ होते. अकरा जणांनी मात्र दर मुक्कामाला एकेक बाभूळ काढली होती. मी त्यांना अर्धा गुण कमी दिला आणि समोर लिहिलं, ही माझी चूक.

मे महिन्यात मुलीचं कुटुंब परत आलं. ती आमच्या घरी आली ती बी.एड.च्या फॉर्मवर माझी सही घ्यायला, आणि जाता जाता तिनं माझ्या नवऱ्याला विचारलं, की पाऊस यायच्या आधी मेंढरं दोन दिवस तुमच्या खाचरात बसवू का. तो एका पायावर तयार झाला, कारण लेंडीखत त्याला भूगोलापेक्षा जवळचं. सकाळी चहा झाल्यावर मी बांधावर गेले. मेंढरं माना खाली घालून दाटीवाटीनं उभी होती, सगळी एकसारखी मातकट.

ती म्हणाली, "मॅडम, ह्यात तीन शेळ्या हायेत. वळखा."

मी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरले. चष्मा पुसला. दोन ओळखल्या. तिसरी कुठली ते तिनं सांगितलं नाही, नुसती डावी भुवई उचलली.